कार्ड बसेल का? लहान कॅबिनेटबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये लहान कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड यांचीच गर्दी आहे. सारखे प्रश्न एकत्र करून, पत्रांतला मुद्दा तेवढा ठेवून उत्तरं दिली आहेत. मापं सगळीकडे मिलिमीटरमध्ये आहेत.

प्रश्न: माझं कॅबिनेट मिनी-आयटीएक्स या छोट्या आकाराच्या मदरबोर्डचं आहे. माहितीपत्रकात ‘कार्डची कमाल लांबी ३१० मिमी’ असं छापलंय. मला हवं असलेलं कार्ड ३०४ मिमी लांब आहे. मग ते बसायला हरकत नाही ना?

उत्तर: लांबीपुरतं बोलायचं तर ६ मिमी उरतात. पण तो ३१० चा आकडा कोणत्या स्थितीतला आहे, ते आधी बघा. बहुतेक कंपन्या पुढच्या बाजूला काहीही बसवलेलं नाही असं धरून हा आकडा छापतात. तुम्ही पुढे साधा फॅन लावला असेल तर त्याची जाडी २५ मिमी, म्हणजे उरले २८५. लिक्विड कूलरचा रेडिएटर असेल तर रेडिएटर साधारण २७ आणि फॅन २५ असे मिळून ५२ मिमी गेले, उरले २५८. अशा वेळी ३०४ चं कार्ड विसरायचं. पुढचा फॅन १५ मिमीचा पातळ घेतला तर १० मिमी परत मिळतात.

मोजताना कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूपासून, म्हणजे जिथे कार्डाची ब्रॅकेट (मागच्या टोकाची धातूची पट्टी) टेकते तिथपासून, पुढच्या पहिल्या अडथळ्यापर्यंत टेप धरा. हा अडथळा प्रत्येक वेळी फॅनच असतो असं नाही. एखादा रिव्हेट, दुमडलेला पत्रा किंवा पॉवर बटणाच्या वायरचा गठ्ठाही असू शकतो. कार्डाच्या लांबीत ब्रॅकेट आणि पोर्टचा बाहेर येणारा भाग धरलाय की नाही, याबाबत कंपन्यांमध्ये एकवाक्यता नाही. तेवढ्यात ३ ते ५ मिमीचा फरक पडतो. शिवाय कार्ड सरळ खाली सोडता येत नाही. बऱ्याच लहान कॅबिनेटमध्ये शेपटाकडची बाजू आधी तिरकी आत घालायची, मग ब्रॅकेटची खालची जीभ मदरबोर्ड आणि पत्रा यांच्यातल्या फटीत उतरवायची, असं करावं लागतं. त्या फिरवाफिरवीला किमान १० मिमी मोकळे लागतात. तुमच्याकडे ६ आहेत. पुढे काहीच बसवलेलं नसेल आणि पुढची चौकट सुटी होत असेल, तरच हे कार्ड घ्या.

लांबीपेक्षा जास्त फसवते ती उंची, म्हणजे स्लॉटपासून (मदरबोर्डवरच्या, कार्ड खोचायच्या खाचेपासून) साइड पॅनेलकडे येणारं माप. पूर्ण उंचीच्या ब्रॅकेटचं माप १२० मिमी असतं, पण हल्लीची मोठी कार्डं ब्रॅकेटपेक्षा वर येतात. कंपनीने दिलेल्या उंचीवर सगळा भरवसा ठेवू नका, कारण ते माप कुठून सुरू केलंय ते सहसा लिहिलेलं नसतं. त्यापेक्षा ब्रॅकेटची स्क्रू लागणारी वाकवलेली पट्टी हा शून्य धरा. कार्ड त्या पट्टीपेक्षा किती वर येतं ते कार्डाच्या फोटोवरून काढा आणि तुमच्या कॅबिनेटमध्ये त्याच पट्टीपासून साइड पॅनेलच्या आतल्या बाजूपर्यंत किती जागा आहे ते मोजा.

आता त्यात पॉवरचा प्लग मिळवा. कार्डाच्या वरच्या कडेला असलेल्या साध्या ८ पिनांच्या प्लगला केबल वळण्यासकट २५ ते ३० मिमी लागतात. नव्या १६ पिनांच्या प्लगला जास्त द्यावे लागतात, कारण प्लगमधून बाहेर आल्यावर साधारण ३५ मिमीपर्यंत केबल सरळ ठेवावी असा संकेत आहे. पॅनेल दाबून बसवलं की केबल प्लगच्या तोंडाशीच वाकते, आतल्या पिना तिरक्या होतात, काही पिनांचा संपर्क सैल पडतो आणि उरलेल्या पिनांवर सगळा करंट येतो. प्लग वितळल्याची जी छायाचित्रं दिसतात, त्यांच्यामागे अर्धवट बसलेला किंवा ताणलेला प्लग हे एक मोठं कारण आहे. पुढे सुधारून आलेल्या १२व्ही-२एक्स६ या प्लगमध्ये सेन्स पिना (प्लग जोडलाय का ते कार्डाला कळवणाऱ्या बारीक पिना) मुद्दाम आखूड केल्या आहेत, म्हणजे प्लग पुरता बसला नसेल तर कार्ड वीज ओढतच नाही. काटकोनी अडॅप्टर लावून जागा वाचवण्याचा मोह होतो, पण १६ पिनांच्या बाबतीत तो टाळलेला बरा. अशा अडॅप्टरचा एक मोठा साठा वितळण्याच्या तक्रारींमुळे २०२४ मध्ये अमेरिकेत परत मागवावा लागला होता.

तिसरं माप जाडीचं. दोन स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी, म्हणून दोन स्लॉटचं कार्ड साधारण ४० मिमी, अडीचचं ५० आणि तीनचं ६०. ब्रॅकेट दोन स्लॉटची आणि कूलर अडीच स्लॉटचा अशी कार्डं भरपूर आहेत. तेव्हा मागच्या खिडक्या मोजून निर्णय घेऊ नका, कूलरची जाडी बघा.

एनव्हिडियाने २०२४ मध्ये लहान कॅबिनेटसाठी एक मोजमाप ठरवलं: जास्तीत जास्त लांबी ३०४, उंची १५१ आणि जाडी ५० मिमी. या १५१ मध्ये केबलचं वळणही धरलेलं आहे, ही त्यातली खरी कामाची गोष्ट. तुमच्या कार्डाची लांबी नेमकी ३०४ आहे, तेव्हा ते या मोजमापात बसणाऱ्या कार्डांपैकी आहे का ते पाहा. असेल आणि कॅबिनेटमध्ये १५१ मिमी उंचीची जागा असेल, तर प्लगचं वेगळं गणित करावं लागणार नाही.

खात्रीचा उपाय हवा असेल तर जाड पुठ्ठ्याचं खोटं कार्ड करा. लांबी, उंची, जाडी तंतोतंत घ्या आणि प्लगच्या जागी ३० मिमीचा तुकडा (१६ पिनांचा प्लग असेल तर त्याहून मोठा) चिकटवा. ते आत घालून, साइड पॅनेल लावून बघा. पुढच्या यूएसबी ३.० ची १९ पिनांची जाड केबल कार्डाच्या शेपटाखाली येते का, साटाच्या (डिस्क जोडायच्या) आडव्या पोर्टमध्ये केबल घालायला जागा उरते का, हे आकड्यांत दिसत नाही. पुठ्ठ्याने लगेच कळतं.

प्रश्न: ऑफिसमधून निघालेलं एक चपटं ब्रँडेड मशीन आहे. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) २४० वॅटचा आहे आणि त्यातून कार्डासाठी वेगळी वायर निघत नाही. गेम आणि व्हिडिओ एडिटिंग दोन्ही थोडंफार करायचं आहे. कोणतं कार्ड चालेल?

उत्तर: दोन अटी आहेत. कार्ड लो-प्रोफाइल, म्हणजे अर्ध्या उंचीचं हवं, आणि ते फक्त स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर चालायला हवं. लो-प्रोफाइल ब्रॅकेट ७९ मिमीची असते आणि कार्डाची उंची ६९ मिमीच्या आत. स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यातही १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅटच, बाकीचे ३.३ व्होल्टच्या लाइनवरून.

या दोन अटींत बसणारी नावं फार नाहीत. जीटीएक्स १६५० (७५ वॅट), आरएक्स ६४०० (५३ वॅट), आर्क ए३१०, आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल (७० वॅट) आणि वर्कस्टेशनसाठी निघालेलं आरटीएक्स ए२००० (७० वॅट). यांतल्या बहुतेकांची पूर्ण उंचीची आवृत्तीही मिळते आणि १६५० च्या काही आवृत्त्यांना ६ पिनांचा प्लग लागतो, तेव्हा नुसतं नाव वाचून मागवू नका. आरटीएक्स ३०५० च्या ८ जीबी मॉडेलला १३० वॅट लागतात. ते आणि ६ जीबीचं ही दोन वेगळी कार्डं आहेत असंच समजा. आरटीएक्स ४०६० सुद्धा लो-प्रोफाइलमध्ये आलेलं आहे, पण ते ११५ वॅटचं आणि ८ पिनांच्या प्लगचं. तुमच्या मशीनला ते निरुपयोगी.

यांतलं कोणतं, हे मशीनच्या वयावर ठरवा. आरएक्स ६४०० ला फक्त चार लेन (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटा) आहेत. पीसीआय एक्सप्रेस (या स्लॉटचं मानक) ४.० वर ते चालून जातं, पण जुन्या मशीनच्या ३.० स्लॉटमध्ये त्या चार लेनचा वेग निम्मा होतो आणि कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल करणारा भाग, नाही. तुम्हाला एडिटिंग करायचंय, म्हणजे हे कार्ड तुमच्यासाठी नाही. आर्क कार्डाचं एन्कोडिंग उत्तम आहे, पण त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय लागते. इंटेल दहाव्या पिढीच्या आधीच्या मशीनमध्ये ती सहसा नसते आणि तिच्याशिवाय गेममधला वेग खूपच पडतो. मशीन त्याहून जुनं असेल तर जीटीएक्स १६५० किंवा ३०५० ६ जीबी. दोन्ही मिळत असतील तर ३०५०.

एसएमपीएसचं गणित: ६५ वॅटचा प्रोसेसर टर्बोत (वेग वाढवून चालताना) थोडा वेळ १०० च्या पुढे जातो, बोर्ड, रॅम, डिस्क, फॅन यांचे ३० ते ४०, आणि कार्डाचे ७०. बेरीज २१० च्या आसपास. २४० मध्ये हे बसतं, पण सैल बसत नाही. दोन जुन्या हार्ड डिस्क असतील तर एक काढा. एसएमपीएस बदलून मोठा लावू, असा विचार असेल तर आधी आतला प्लग बघा. अशा ब्रँडेड मशीनमध्ये मदरबोर्डचा प्लग बऱ्याचदा २४ पिनांचा नसतो, एसएमपीएसचा आकारही कंपनीचा स्वतःचा असतो, आणि बाजारातला नेहमीचा तिथे बसत नाही.

खरेदीआधी आणखी तीन गोष्टी झाकण उघडून बघायच्या. लांब स्लॉट दोन असतील तर खरा सोळा लेनचा कोणता, ते मॅन्युअलमध्ये पाहा; दुसरा दिसायला तेवढाच असला तरी आत चारच लेन जोडलेल्या असतात. सोळा लेनचा स्लॉट एसएमपीएसला चिकटून असेल तर दोन स्लॉट जाडीचं कार्ड मावणार नाही, एकेरी जाडीचंच घ्यावं लागेल. आणि स्लॉटची वीजमर्यादा: काही कंपन्या आपल्या चपट्या मशीनमध्ये ती ७५ पेक्षा कमी ठेवतात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्लॉटच्या तक्त्यात तो आकडा असतो.

प्रश्न: साटा पॉवरमधून ८ पिनांचा प्लग काढणारा अडॅप्टर मिळतो. तो वापरून मोठं कार्ड चालवता येईल का?

उत्तर: नाही. साटाच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येक दीड अँपिअरची. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. ८ पिनांचा प्लग १५० वॅटपर्यंत मागू शकतो. मशीन चालू होईल, डेस्कटॉपही दिसेल. गेम सुरू झाल्यावर साटाचा प्लग तापेल आणि मऊ होऊन वितळेल. दोन साटा जोडून एक ८ पिनांचा करणारे अडॅप्टरही असतात. ते दोन्ही प्लग बऱ्याचदा एसएमपीएसमधून निघालेल्या एकाच वायरवर असतात, त्यामुळे भार विभागला जातोच असं नाही.

याच्याच जोडीला एक इशारा. लहान कॅबिनेटसाठी आखूड केबल हव्यात म्हणून दुसऱ्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल वापरू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही ती वेगळी असते. प्लग बसतो आणि १२ व्होल्ट भलत्याच पिनेवर जातात. त्यानंतर कार्ड वाचत नाही.

प्रश्न: माझ्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड एका बाजूला आणि कार्ड दुसऱ्या बाजूला अशी रचना आहे, मध्ये रायझर केबल (स्लॉट लांब नेणारी चपटी केबल). नवं कार्ड लावल्यावर फॅन फिरतात, पण स्क्रीन काळीच. जुनं कार्ड लावलं की सगळं सुरळीत. नवं कार्ड बिघडलंय का?

उत्तर: बहुधा नाही. रायझर पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या काळातला असेल आणि नवं कार्ड ४.० किंवा ५.० चं असेल तर हे हमखास होतं. बोर्ड आणि कार्ड आपापसांत सर्वांत वरचा वेग ठरवतात. मधल्या केबलला तो वेग झेपतो का, हे विचारण्याची सोयच नसते. सिग्नल बिघडतो आणि डिस्प्ले येत नाही.

प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. काही बोर्ड कार्ड दिसलं की आतलं ग्राफिक्स बंद करतात. तसं झालं तर कार्ड काढून सुरू करा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर जुनं कार्ड लावून बायोस उघडा. स्लॉटच्या वेगाची सेटिंग ऑटोवर असते, ती जेन ३ (म्हणजे ३.०) करा, सेव्ह करा, बंद करून नवं कार्ड लावा. डिस्प्ले आला तर निदान झालं. रायझर ४.० चा आणि कार्ड ५.० चं असेल तर जेन ४ ठेवायचं. बायोस अपडेट केल्यावर किंवा बोर्डची बॅटरी काढल्यावर ही सेटिंग पुन्हा ऑटोवर जाते आणि स्क्रीन पुन्हा काळी होते, हे लक्षात असू द्या.

सोळा लेनच्या कार्डाला जेन ३ वर चालवल्याने गेममध्ये फारच थोडा फरक पडतो, त्यासाठी महागडा रायझर घेण्याची घाई नको. आठ लेनच्या कार्डांना, उदाहरणार्थ आरटीएक्स ४०६० ला, तो जास्त जाणवतो. चार लेनच्या कार्डासाठी मात्र चांगला रायझर घ्याच.

जेन ३ करूनही डिस्प्ले आला नाही तर रायझरची दोन्ही टोकं काढून परत बसवा. रायझरचा स्लॉट कॅबिनेटला दोन स्क्रूंनी धरलेला असतो. ते आधी घट्ट केलेले असतील तर कार्ड एका कडेला वर राहतं. स्क्रू सैल ठेवा, कार्ड पूर्ण बसवा, मग स्क्रू आवळा. केबलला धारदार घडी पडली असेल किंवा ती स्टँडऑफच्या (मदरबोर्ड टेकवणाऱ्या खुंटीच्या) टोकावर घासत असेल तर ती बदलावी लागेल. एवढं करूनही अंधारच असेल तर सगळं बाहेर काढून कार्ड थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये लावून बघा. कार्ड बिघडलंय की नाही याचा खरा निकाल तिथेच लागतो.

डिस्प्ले येतो पण अधूनमधून आवाज तुटतो, मशीन गोठतं, असं असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (WHEA, हार्डवेअरमधल्या चुकांची नोंद) नावाच्या त्रुटी भरल्यात का ते बघा. त्या पीसीआय एक्सप्रेसबद्दलच्या असतील तर तोही रायझरचाच आजार. जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये चालू वेग बघताना कार्डावर भार टाका. रिकाम्या वेळी वीज वाचवायला कार्ड स्वतःच १.१ वर उतरतं, त्याने घाबरून जाऊ नका.

प्रश्न: कार्ड बसलं, पण गेम सुरू झाल्यावर दहा मिनिटांत ८५ अंशांवर जातं आणि फॅनचा आवाज असह्य होतो. कॅबिनेट बदलायचं नाही. काय करता येईल?

उत्तर: आधी एक चाचणी. साइड पॅनेल काढा आणि तोच गेम, तेवढाच वेळ चालवा. तापमान ८ ते १० अंशांनी उतरलं तर कूलर ठीक आहे, त्याला हवा मिळत नाही. फरक दोन-तीन अंशांचाच पडला तर दोष कार्डातच आहे: धूळ, वाळलेली पेस्ट किंवा नीट न टेकलेला हीटसिंक. तेव्हा जीपीयूचं (कार्डावरच्या मुख्य चिपचं) तापमान आणि हॉटस्पॉट (तिचा सर्वांत तापलेला बिंदू) यांच्यातली दरी बघा. ती पूर्वी १५ च्या आसपास असायची आणि आता २५ च्या पुढे गेली असेल तर पेस्ट बदलायची वेळ झाली.

हवेचाच प्रश्न असेल तर फॅन आणि त्यांच्यासमोरचा पृष्ठभाग यांच्यातली फट मोजा. समोर बंद पत्रा असेल तर २० मिमी चांगले, १० च्या खाली फॅन नुसता फिरतो, हवा ओढत नाही. समोर जाळी असेल तर उलट, जवळ असलेलंच बरं, कारण कार्ड बाहेरची ताजी हवा घेतं. फक्त फॅनची पाती जाळीपासून २-३ मिमीवर आली की शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. तेवढ्यासाठी पॅनेलला पातळ वॉशर देऊन दोन-तीन मिमी बाहेर काढता येतं. जाळी आणि कार्ड यांच्यात १० ते २० मिमी फट उरत असेल तर कार्डाच्या कडेने फोमची पट्टी लावून ती चारही बाजूंनी बंद करा. नाहीतर कार्डाने बाहेर टाकलेली गरम हवा त्याच फटीतून परत फॅनमध्ये शिरते. पाचशे उपाय सांगणारे हा एक सांगत नाहीत, आणि बऱ्याच कॅबिनेटमध्ये सर्वांत जास्त अंश याच उपायाने उतरतात.

कूलरचा प्रकारही बघा. दोन-तीन फॅनची नेहमीची कार्डं गरम हवा कॅबिनेटच्या आतच सोडतात. ती बाहेर काढायला वर किंवा मागे एक तरी फॅन हवा. एकच फॅन लावता येत असेल आणि कार्ड जाळीतून ताजी हवा घेत असेल, तर तो फॅन हवा बाहेर फेकणारा लावा. कार्डाला ताजी हवा मिळतच नसेल तर तोच फॅन आत ओढणारा करून बघा. दोन्ही दिशांनी पंधरा-पंधरा मिनिटं चालवून आकडे लिहून घ्या. लहान कॅबिनेटमध्ये नुसत्या तर्काने उत्तर मिळत नाही. ब्लोअर प्रकारचं कार्ड हवा ब्रॅकेटमधून थेट बाहेर टाकतं. त्याचा आवाज जास्त, पण ज्या कॅबिनेटमध्ये एकही फॅन बसत नाही तिथे तेच योग्य. तळाला जाळी असेल तर पाय २० ते ३० मिमी उंच करा, आणि गालिच्यावर मशीन ठेवू नका.

यानंतर वीज कमी करा. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिटची पट्टी ८० टक्क्यांवर आणा. उष्णता पाचव्या हिश्श्याने कमी होते, फ्रेम मात्र त्या प्रमाणात कमी होत नाहीत, बहुतेक गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतही नाही. थोडं जास्त कष्ट घ्यायची तयारी असेल तर अंडरव्होल्ट करा, म्हणजे तोच वेग कमी व्होल्टेजवर चालवा. आधी गेममध्ये कार्ड नेहमी किती मेगाहर्ट्झवर आणि किती मिलिव्होल्टवर चालतं ते टिपून ठेवा. समजा १०५० मिलिव्होल्टवर चालतंय. कंट्रोल आणि एफ दाबून आलेख उघडा, ९५० च्या बिंदूला तोच मेगाहर्ट्झ द्या, त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्या पातळीवर सपाट करा आणि अप्लाय करा. गेम तासभर चालला की २५ मिलिव्होल्ट आणखी खाली. जिथे ड्रायव्हर कोसळेल तिथून ५० मिलिव्होल्ट वर येऊन थांबा. ही सेटिंग ‘विंडोज सुरू होताच लागू’ करण्याआधी तीन-चार दिवस वापरून बघा.

फॅन पूर्ण थांबवण्याची सोय लहान कॅबिनेटमध्ये बंद करावी. कार्डाचे फॅन ५०-५५ अंशांपर्यंत थांबून राहतात, तोवर आतली हवा तापत जाते, मग ते एकदम जोरात सुटतात आणि पुन्हा थांबतात. किमान ३० टक्क्यांवर सतत फिरत ठेवले तर एकूण आवाज कमीच येतो. आणि कार्डाखाली किंवा बोर्डच्या मागे एम.२ (मदरबोर्डवर थेट बसणारी चपटी) डिस्क असेल तर तिचंही तापमान बघत चला. कार्डाची सगळी धग तिला बसते, ती तापून मंद झाली की दोष कार्डाला दिला जातो.

प्रश्न: लो-प्रोफाइल कार्ड घेतलं, पण त्यावर उंच ब्रॅकेट आहे. छोटी वेगळी मिळाली. ती घरी बदलता येते का?

उत्तर: येते, दहा मिनिटांचं काम. मशीन बंद करून वायर काढलेली असू द्या, हात एकदा कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा. डीव्हीआय किंवा व्हीजीए पोर्टच्या दोन्ही बाजूंना षटकोनी खुंट्या असतात, त्या ५ मिमीच्या पान्याने काढा. पक्कडीने काढाल तर कडा गोल होतात. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टशेजारचे बारीक स्क्रू शून्य किंवा एक नंबरच्या फिलिप्सने. छोटी ब्रॅकेट लावताना सगळे स्क्रू आधी हाताने अर्धे लावा, पोर्ट खिडक्यांमधून पूर्ण बाहेर आले की मगच आवळा, नाहीतर केबलचा प्लग शेवटपर्यंत जात नाही. जुन्या कार्डांत व्हीजीए पोर्ट चपट्या रिबन केबलवर वेगळा असतो. छोट्या ब्रॅकेटमध्ये त्याला जागा नसेल तर रिबन कार्डातून उपसून ठेवून द्या, कार्ड त्याच्याशिवाय चालतं. उंच ब्रॅकेट कापून छोटी करायची असेल तर ती कार्डावरून काढून, लांब नेऊन कापा. धातूचा कीस कार्डावर पडला तर शॉर्ट होतो. आणि ब्रॅकेटशिवाय कार्ड नुसतं स्लॉटमध्ये उभं करून वापरू नका, मॉनिटरच्या केबलचा ओढा स्लॉटवर येतो.

प्रश्न: सगळं बसवलं, कार्डाचा फॅन फिरतो, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. रायझर वगैरे काही नाही.

उत्तर: या क्रमाने बघा. मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्याच पोर्टला आहे का? हेच कारण सर्वांत जास्त वेळा निघतं. पॉवरचा प्लग ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसलाय का? कार्डाची मागची कडा स्लॉटच्या खटक्यात अडकलीय का? स्क्रू आवळताना ब्रॅकेट ओढली जाऊन कार्डाची दुसरी कडा वर उचलली जाते, तेव्हा स्क्रू सोडून पुन्हा दाबा. मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून सिग्नल बदलणारा अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो, साधी केबल चालत नाही. हे सगळं ठीक असेल तर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बघा: खूप जुनं कार्ड नव्या बोर्डवर असेल तर ते चालू करावं लागतं, नवं कार्ड जुन्या बोर्डवर असेल तर बायोस अपडेट करून युईएफआय हा नव्या पद्धतीचा मोड ठेवावा लागतो.

प्रश्न: हातभर रुंदीचाही नाही असा मिनी पीसी आहे. आत स्लॉटच नाही. त्याला कार्ड जोडता येईल?

उत्तर: आत नाही, बाहेर येईल. थंडरबोल्ट ३ किंवा ४ (यूएसबी-सी आकाराचा वेगवान) पोर्ट असेल तर बाहेरचा डॉक, म्हणजे कार्ड बसवायची चौकट, लावता येतो. ४० गिगाबिटपैकी कार्डाच्या वाट्याला जास्तीत जास्त ३२ येतात. ऑक्युलिंक (पीसीआय एक्सप्रेस थेट केबलने बाहेर आणणारा) पोर्ट असेल तर तो घ्या, चार लेनच्या ४.० वर ६४ गिगाबिट मिळतात आणि मधली रूपांतराची भानगड नसते. दोन्ही नसतील तर एम.२ च्या जागेतून ऑक्युलिंक काढणारी छोटी पट्टी मिळते, पण ती जागा एनव्हीएमईची (पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी) असायला हवी, साटाची चालत नाही, आणि झाकण उघडं ठेवावं लागतं किंवा त्याला खाच पाडावी लागते.

डॉकसाठी स्वतंत्र एसएमपीएस लागतो. आधी तो चालू करायचा, नंतर मिनी पीसी. बंद करताना उलट. ऑक्युलिंकची केबल मशीन चालू असताना काढू किंवा लावू नका. आणि मॉनिटर थेट कार्डाला जोडा. मिनी पीसीच्या पोर्टला ठेवलात तर कार्डाने काढलेलं प्रत्येक चित्र त्याच अरुंद केबलमधून परत मागे यावं लागतं आणि मिळालेल्या वेगातला बराच भाग तिथेच जातो.